चाळिसाचा भाव आणि मसुराचा दाणा

फार मागे, दोन नद्या मिळतात तिथे एक गाव होतं. गावाची माती अशी चिवट की दोन पुरुष खोल खड्डा खणला तरी आत थेंबभर पाणी झिरपत नसे. म्हणून तिथले लोक हळद घरात साठवत नसत, जमिनीत साठवत. खड्ड्याचं तोंड अरुंद आणि पोट मोठं ठेवायचं, रांजणासारखं. त्याला म्हणायचे पेव. पेवात हळद भरली की तोंडावर दगड ठेवायचा आणि शेणमातीने लिंपून टाकायचं. मग चार वर्षं बघितलं नाही तरी हळद जशीच्या तशी.

पण पेवाचा एक कायदा होता. एकदा तोंड फोडलं की सगळा माल बाहेर काढायचा. थोडी हळद विकू, थोडी ठेवू, असं चालत नसे. वारा लागला की राहिलेल्या हळदीला कीड लागलीच म्हणून समजा. विकायची तर सगळी, नाहीतर एक हळकुंडसुद्धा नाही.

त्या गावात एक लहानसा व्यापारी होता. एकच पेव, एकच बैल, एकच बायको आणि एकच मुलगी, असं तो स्वतःच हसून सांगायचा. बायकोचं नाव येसू. मुलगी बकुळा, पाच वर्षांची. बडबडी इतकी, की शेजारणी म्हणत, हिला पाळण्यात घातली होती की चावडीवर?

चैत्रात गावची जत्रा भरली. जत्रेत एक म्हातारा वैद्य आला होता, सात दिवसांच्या वाटेवरच्या गावचा. येसू मुलीला कडेवर घेऊन बांगड्या बघत होती. वैद्य मुलीकडे बघतच राहिला. म्हणाला, "बाई, हिला जरा उन्हाकडे वळव."

येसूने वळवली. वैद्याने बकुळाची पापणी वर केली. काळ्या बुबुळात एक पांढरा ठिपका होता. दुसऱ्या डोळ्यातही तसाच.

"केवढा आहे बघ," वैद्य म्हणाला.

येसूने तोंड जवळ नेऊन बघितलं. "मोहरीएवढा," ती म्हणाली.

"हा वाढणार. सावकाश वाढेल, वर्षभर वेळ आहे. पण मसुराएवढा व्हायच्या आत माझ्या गावी घेऊन ये. तीन महिने तिथे राहावं लागेल, रोज ताजं अंजन करून घालावं लागेल. मसूर झाला की मग तो माझं ऐकत नाही. मग दोन्ही डोळे जातात."

त्या रात्री नवरा-बायको जेवली नाहीत. सकाळी दोघांनी हिशेब मांडला. वाटखर्च, तीन महिन्यांची खोली, अंजनाचं साहित्य, तेवढ्या दिवसांत बुडणारा धंदा. हळदीला तेव्हा पोत्यामागे वीस रुपये भाव होता. पीक उदंड आलं होतं, हळद मातीमोल झाली होती. घरात होतं नव्हतं ते घालून व्यापाऱ्याने पेव भरलं. भाव दुप्पट झाला की सगळं भागत होतं.

पेवाचं तोंड लिंपताना तो म्हणाला, "येसू, चाळीस. चाळीस आला की फोडायचं. एकोणचाळीसला नाही आणि एक्केचाळिसाची वाट बघायची नाही."

"देवाशपथ," येसू म्हणाली. तिने ओल्या शेणाचा हात पदराला पुसला आणि मग आठवलं की पदर धुतलेला होता.

दिवस जाऊ लागले. श्रावणात भाव पंचवीस झाला. दसऱ्याला तेहतीस. येसू रोज सकाळी बकुळाला दारातल्या उजेडात उभी करायची आणि डोळ्यात बघायची. ठिपका मोहरीचा तिळाएवढा झाला होता. बकुळा कंटाळायची. "आई, माझ्या डोळ्यात काय आहे गं? रोज काय बघतेस?"

"मी दिसते का ते बघते," येसू म्हणायची.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले नाहीत, तर भैरूअण्णा दलाल एका परगावच्या व्यापाऱ्याला घेऊन दारात हजर झाला. भैरूअण्णा म्हणजे बोलायला बसला तर चहा गार, दूध गार, आणि ऐकणाराही गार.

"वहिनी, गूळ आणा! आज तुमच्या घरी लक्ष्मी माझ्या पायांनी आलीय."

त्या गावात सौदा करताना भाव तोंडाने सांगायची रीत नव्हती. देणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. बघणाऱ्याला रुमाल हललेला दिसायचा, भाव कळायचा नाही. अण्णाने रुमाल पसरला. परगावच्या व्यापाऱ्याने आत हात घातला, येसूच्या नवऱ्यानेही घातला. त्याचा चेहरा उजळला. चार बोटं दाबली होती. चार दाहे चाळीस. आता त्याने उलट दाबायचा अवकाश, की सौदा झाला.

येसू दाराआड उभी होती. नवऱ्याच्या तोंडावरून तिला सगळं कळलं. चाळीस आला! तिचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच, कुठून कोण जाणे, दुसरा विचार आला. दिवाळीला छत्तीस होता, आज चाळीस. आठ दिवसांत चार. अजून आठ दिवस थांबलं तर? चाळीस पुरेल म्हणतो आपण, पण वाटेत बैल आजारी पडला तर? वैद्याने चौथा महिना राहा म्हटलं तर? पोर बरी होऊन आली, तर तिच्या लग्नाला हातात काय?

हाव आहे असं तिला वाटलंच नाही. तिला वाटलं, ही काळजी आहे. आईच्या जिवाला काळजी नको का?

"अहो," ती म्हणाली, "जरा आत येता का?"

नवऱ्याने रुमालाखालून हात काढला. आत येऊन म्हणाला, "अगं, चाळीस आला!"

"आला ना. मग आलेला भाव पळून जातोय का? आठ दिवस थांबा."

"आपलं ठरलं होतं येसू."

"ठरलं तेव्हा भाव वीस होता. तेव्हा चाळीस म्हणजे आभाळ वाटत होतं. आता भाव वर गेला, तर ठरलेलंही थोडं वर नको जायला? सगळं पोरीसाठीच म्हणते ना मी. माझ्या अंगावर घालायला मागते का?"

नवऱ्याने दाराबाहेर पसरलेल्या रुमालाकडे बघितलं. मग त्याने विचारलं, "ठिपका?"

"तीळ आहे अजून. मसूर कुठे, तीळ कुठे."

बाहेर जाऊन त्याने अण्णाला सांगितलं, आज नको. भैरूअण्णाने रुमाल झटकला. "वहिनी, गूळ ठेवा डब्यात. लक्ष्मी आल्या पायी निघाली. पण एक सांगतो, पाहुणा जेवायला बसला असताना ताट ओढलंत तुम्ही."

येसूला ते लागलं. पण आठ दिवसांनी भाव पंचेचाळीस झाला, आणि मग काय विचारता! गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, हळदवाल्याची बायको मोठी हुशार. शेजारची सखूअक्का विहिरीवर मुद्दाम शेजारी कळशी ठेवायची. "काय गं येसू, आम्ही चाळिसाला विकली आणि बसलो. तू बाई खरी पक्की. आता हातात सोन्याच्या पाटल्या करणार का गोठ?"

"काही नाही हो अक्का, पोरीचं औषध आधी."

"औषध होऊन पाटल्याही होतील. हूं, नशीब लागतं."

पंचेचाळिसाला नवरा म्हणाला, आता द्यायची का? पण या वेळी त्याच्या विचारण्यात जोर नव्हता. आता त्यालाही गोडी लागली होती. रोज सकाळी उठून तो आधी बाजारात जायचा, मग तोंड धुवायचा. एकोणपन्नास झाला. संक्रांतीला बावन्न झाला. त्या दिवशी येसूने तिळगूळ वाटताना मनात घराला दुसरी खोली काढली आणि तिच्या दाराला हिरवा रंगही दिला.

आणि त्या दिवशी बकुळाच्या डोळ्यात बघायचं राहून गेलं.

संक्रांतीनंतर खाली दक्षिणेकडून गाड्या येऊ लागल्या. तिकडे नवी हळद मुबलक निघाली होती. भाव अठ्ठेचाळीस झाला. लोक म्हणाले, दोन दिवसांचा खेळ आहे. चव्वेचाळीस झाला. लोक म्हणाले, गाड्या संपल्या की बघा. महाशिवरात्रीला चाळीस झाला.

भैरूअण्णा पुन्हा आला. या वेळी त्याने गूळ मागितला नाही. "वहिनी, गिऱ्हाईक आहे. चाळीस देतोय. तुमचाच चाळीस. द्या आणि सुटा."

बघा आता, भाव तोच होता. ज्या भावाची येसूने देवाशपथ घेतली होती तोच चाळीस दारात उभा होता. औषध, वाटखर्च, खोली, सगळं त्यात बसत होतं. पण नवरा म्हणाला, "अण्णा, बावन्न बघितलाय आम्ही. बारा रुपये पोत्यामागे मातीत घालू का?"

"दादा, बावन्न बघितलात, घेतलात का? आरशातला लाडू बघून कुणाचं पोट भरलंय?"

"परत येईल बावन्न."

"येईल की. माझी आजीपण परत येईल म्हणतात."

नवरा येसूकडे बघू लागला. त्याला वाटत होतं, हिने नको म्हणावं. येसूलाही नकोच म्हणायचं होतं. पण आधी ती बकुळाला घेऊन मागच्या दारी गेली. फळीवरून मसुराचा डबा काढला. पोरीच्या डोळ्याशी दाणा धरून बघायचं, एवढंच करायचं होतं. डब्यात तिने हात घातला. एक दाणा उचलला आणि टाकला. दुसरा उचलला, तोही टाकला. डबा हलवला, तळ चाळला आणि सगळ्यांत मोठा, टपोरा दाणा निवडला. तो पोरीच्या डोळ्याजवळ धरला.

"आई, काय आहे ते? गोळी आहे का?"

"काही नाही. इकडे तिकडे बघू नकोस, समोर बघ."

ठिपका दाण्याहून कणभर लहान होता. कणभरच. येसूने दाणा मुठीत मिटला आणि बाहेर येऊन म्हणाली, "अजून मसूर झाला नाही."

ती खोटं बोलली नाही. पण आपण कोणता दाणा निवडला ते तिने कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

भैरूअण्णा उठला. रुमाल खांद्यावर टाकून म्हणाला, "बरं तर. येतो."

भाव चौतीस झाला. आता विकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं दोघांनी ठरवलं. चाळिसाला दिली नाही ती चौतिसाला कशी द्यायची? एकतीस झाला. आता दोघं भावाचं बोलतच नसत. नवरा बाजारात जायचा बंद झाला. येसू सकाळी दार किलकिलं ठेवायची, म्हणजे उजेड फार आत येऊ नये. सखूअक्का भेटली की लांबूनच विचारायची, "काय गं, पाटल्या झाल्या का?" येसू कळशी अर्धीच भरून निघायची.

होळीच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांची गर्दी होती. येसू पाणी ओढत होती. बकुळा पायरीवर खेळत होती. खेळून दमली तशी उठली, चार पावलं चालली आणि सखूअक्काचा पदर धरला. "आई, घरी चल ना. भूक लागली."

सखूअक्का हसली. "अगं ए, मी नव्हे तुझी आई. ती बघ तिकडे."

बकुळाने मान वर केली. अक्काच्या तोंडाकडे बघत राहिली. "खोटं," ती म्हणाली, "चल ना."

अक्काचं हसू जिथल्या तिथे राहिलं. तिने खाली वाकून पोरीच्या डोळ्यात बघितलं आणि मग येसूकडे.

येसूच्या हातातून दोर सुटला. बादली आत पडल्याचा आवाज आला. तिने बकुळाला उचललं आणि धावत घरी आली. नवरा ओसरीवर बसला होता.

"विका."

"काय झालं?"

"विका म्हणते ना. आज. आत्ता. देईल त्या भावाला."

नवऱ्याने पोरीकडे बघितलं. त्याने स्वतः जाऊन कुदळ आणली.

पण पेव काही घाईने उघडत नाही. आत वर्षभराचा कोंडलेला वारा असतो, तो विषारी. तोंड फोडून एक दिवस ठेवावं लागतं. मग दिवा सोडून बघायचा. दिवा आत जळत राहिला तर माणूस उतरायचा, विझला तर अजून एक दिवस थांबायचं. दिवा विझला. अजून एक दिवस गेला. येसू पेवाच्या तोंडाशी बसून होती, जणू तिथे बसल्याने वारा लवकर निघणार होता. तिसऱ्या दिवशी पोती वर आली आणि हळद सव्वीस रुपयांनी गेली. भैरूअण्णाने दलाली घेतली नाही. "राहू दे वहिनी," एवढंच म्हणाला.

सात दिवसांची वाट त्यांनी पाच दिवसांत काटली. बैल वाटेत दोनदा बसला. शेवटचे दोन कोस व्यापारी पोरीला खांद्यावर घेऊन चालला. बकुळाला वाटलं जत्रेला चाललोय. ती सारखी विचारत होती, पाळणा आला का, पाळणा आला का.

वैद्य अंगणात औषधं वाळत घालत होता. त्याने येसूला ओळखलं. पोरीला उन्हाकडे वळवली. पापणी वर केली. बराच वेळ बघितलं. दुसरा डोळा बघितला. मग पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि सोडून दिली.

"आता आलात तुम्ही, आता," तो म्हणाला. "महिनाभर आधी यायचं होतं."

येसूने पैशाची पिशवी त्याच्या पायाशी ठेवली. "वैद्यबुवा, पैसे कमी आहेत, खरं आहे. बाकीचे आम्ही फेडू. मी तुमच्या घरी धुणी-भांडी करीन. एक वर्ष करीन, दहा वर्षं करीन. पण अंजन घाला."

वैद्याने पिशवी उचलली आणि परत तिच्या हातात दिली.

"बाई, नुसते पैसेच कमी असते तर मी थांबलो असतो. मी माणूस आहे, मला थांबता येतं. डोळा थांबत नाही."

येसूचा नवरा भिंतीला टेकून खाली बसला. येसू उभीच राहिली. अंगणात बकुळा हातांनी चाचपत औषधाच्या काड्या गोळा करत होती. वैद्य तिला ओरडला नाही.

उन्हाळा सरायच्या आत दोन्ही डोळे गेले.

परत आल्यावर नवरा येसूला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. एकदा तिनेच म्हटलं, "अहो, मला शिव्या तरी द्या. मी तुम्हाला आत बोलावलं."

तो म्हणाला, "तू बोलावलंस. हात माझा होता, मी काढला." आणि बैलाला चारा घालायला निघून गेला. पुन्हा त्या घरात ते बोलणं निघालं नाही.

माणूस मोडला तरी पोट असतंच. सव्वीसने आलेल्या पैशातून त्यांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा पेव भरलं. पोत्यामागे वीस रुपये पडले होते. या खेपेला नवऱ्याने विचारलं, "किती?" येसू म्हणाली, "तीस. तिसात घरचा दाणागोटा होतो आणि पोरीला सोबतीला एक बाई ठेवता येते."

भाद्रपदात तीस आला. भैरूअण्णा रुमाल पसरताना म्हणाला, "वहिनी, या साली भाव चढा आहे. मी दलाल असून सांगतो, चार आठवडे धरा."

येसू दाराआड गेली नाही. ओसरीवरच उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "दाबा बोट."

हळद तिसाला गेली. आणि खरंच, महिनाभरात भाव पंचेचाळीस झाला. सगळं गाव हळहळलं.

सखूअक्का काही वाईट बाई नव्हती, पण सवय जात नाही. येसू बकुळाचा हात धरून नदीवर निघाली होती, तेव्हा अक्का ओट्यावरून म्हणाली, "येसू, पंधरा गेले की गं तुझे पोत्यामागे! जरा थांबली असतीस तर?"

येसू थांबली. बकुळाही थांबली आणि आवाज आला तिकडे तोंड करून उभी राहिली, पण तोंड जरा बाजूलाच वळलं, अक्काच्या ओट्याच्या खांबाकडे.

"ते पंधरा माझे कधी नव्हतेच, अक्का," येसू म्हणाली. "गेलेलं कशाला म्हणतात ते मला सांगू नका."

आणि मुलीचा हात धरून, पुढचा दगड कुठे आहे ते तिला सांगत, ती उतरणीला लागली.

तात्पर्य एवढंच: ज्या कामासाठी माल धरला, त्या कामापुरता भाव आला की विकून मोकळं व्हावं. वरचा भाव बघत बसलं, तर पैसे कमी मिळतातच, पण ज्याच्यासाठी ते मिळवायचे होते तेही थांबत नाही.